जालियनवाला बाग : चौकशीपूर्वींचें अभय

सैनिकांनीं निःशस्त्र प्रजेस मारलें असतां त्याची भरपाई सरकारकडे हक्कानें मागतां येते काय, या प्रश्नाचा विचार करणाऱ्यानें जालियनवाला बागेचें प्रकरण तारखांच्या क्रमानें पाहावें, असें आम्हांस वाटतें.

ता. १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसर येथें जनरल डायर याच्या हुकुमानें १६५० गोळ्या झाडण्यांत आल्या. सरकारी गणतीप्रमाणेंच ३७९ माणसें मेलीं. सप्टेंबरांत सरकारनें कायदेमंडळांत इंडेम्निटी अ‍ॅक्ट मंजूर करून घेतला. शांततारक्षणार्थ सद्हेतूनें वागलेल्या अधिकाऱ्यांवर दावा चालूं नये, हा त्याचा आशय. पंडित मालवीय यांनीं त्यास कडाडून विरोध केला, पण व्यर्थ. हंटर कमिटी नेमली गेली ती त्यानंतर, आक्टोबरांत! म्हणजे अभय आधीं, चौकशी मागून. गोळीबाराशिवायही जमाव पांगवितां आला असता, असें डायरनें या कमिटीपुढें स्वमुखानें कबूल केलें, तेव्हां मृतांच्या वारसांपुढें हा कायदा आडवा उभा होता.

पुढें वारसांस सरकारनें कांहीं रकमा दिल्या हें खरें. परंतु देणगी आणि देणें यांत महदंतर आहे. देणें न्यायासनापुढें मागतां येतें, देणगी मिळेल तेवढी घ्यावी लागते.

मणिपुरांत १९८२ सालीं लष्करानें नेलेले दोघे इसम परतले नाहींत, तेव्हां सुप्रीम कोर्टानें १९८४ सालीं त्यांच्या पत्नींस प्रत्येकीं एक लक्ष रुपये देवविले. अमृतसरच्या विधवांस असें न्यायासन लाभलें नाहीं, ही गोष्ट इतिहासानें नोंदून ठेविली पाहिजे.