दिव्याच्या मानेवरचा आकडा

अंबरनाथ पूर्वेला आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत एका मित्राचा गाळा आहे. संध्याकाळी कामगार गेले की तो आमच्या हौशी नाट्यसंस्थेला तालमीसाठी मिळतो. दोन वर्षांपूर्वी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी चालू असताना आमच्या जुन्या पार कॅनमधला हजार वॉटचा दिवा गेला. नेहमीचा दुकानदार म्हणाला, ‘‘आता हे कोणी ठेवत नाही, सगळे एलईडीवर गेले.’’ म्हणून मी तो ऑनलाइन मागवला. आकार तोच, मागच्या पिना त्याच, वॉट तेवढेच, शिवाय किंमत कमी. दिवा बसवून डिमर वर सरकवला, तेव्हा डोळे दिपवणारा पांढरा झगझगाट झाला आणि लगेच काळोख. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर दिव्याच्या मानेवर बारीक अक्षरांत ‘१२० व्होल्ट’ छापलेले. चूक सर्वस्वी माझी होती. मी वॉट वाचले होते, व्होल्ट वाचलेच नव्हते.

प्रकाशयोजनेला मदत करणारा आमचा मुलगा उल्हासनगरचा. तो म्हणाला, ‘‘काका, आमच्या यूएसएचा दिवा आणायचा, तर तुम्ही खऱ्या यूएसएचा आणलात!’’ उल्हासनगर सिंधी असोसिएशन म्हणजे यूएसए, हा आमच्या भागातला जुना विनोद. सगळे हसले. पण घरी जाताना मनात प्रश्न राहिला, की एकाच कॅनमध्ये बसणारे हे दोन दिवे असे वेगळे का असावेत? त्याचे उत्तर शोधताना रंगभूमीच्या इतिहासाकडे मला नव्याने पाहावे लागले.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा वीज नव्हती. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हाही ज्योतीचाच प्रकाश होता. पुढे गॅसबत्त्या आल्या, किटसनचे दिवे आले. या साऱ्या काळात नाटक कंपनी आपला प्रकाश आपल्या सामानात घेऊन फिरू शकत होती. तेलाला गाव नसते. सांगलीचे तेल नागपुरातही तसेच जळते. वीज आली आणि हे बदलले. मुंबईत विजेचा पुरवठा १९०५च्या सुमारास सुरू झाला, १९१५ साली खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आता कंपनीने फक्त दिवे आणायचे, प्रकाश त्या त्या गावाच्या तारेतून घ्यायचा. नटाला गावोगावचे प्रेक्षक ओळखावे लागत. प्रकाश सांभाळणाऱ्याला आता गावोगावचा विजेचा दाब ओळखावा लागू लागला.

हा दाब सगळीकडे सारखा का नाही? एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवरून वीजपुरवठा सुरू केला तो ११० व्होल्टचा, कारण त्याच्या कार्बनच्या तंतूला तेवढा दाब मानवत होता. पण कमी दाबाने तेवढीच शक्ती पुरवायची तर प्रवाह जास्त लागतो आणि जाड तांब्याची तार घालावी लागते. दाब दुप्पट केला की प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेत वाया जाणारी उष्णता चौथ्या हिश्शावर येते. हे ओळखून बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ साली २२० व्होल्टचा निर्णय घेतला. युरोप त्या वाटेने गेला. अमेरिकेत तोवर ११० व्होल्टचे दिवे घरोघर पोचले होते. ती तिथेच राहिली. आपल्याकडे वीज ब्रिटिश अमदानीत, त्यांच्याच यंत्रांबरोबर आली, म्हणून आपण २३० व्होल्टच्या घराण्यातले.

एकदा पडलेला दाब बदलणे किती अवघड असते, हे बदलापूर-अंबरनाथच्या प्रवाशांना सांगायला नको. १९२५ साली मुंबईत विजेची पहिली गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर तो जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येण्याचे काम संपले २०१५ साली. मधल्या काळात दोन्ही दाब पेलणाऱ्या गाड्या चालवाव्या लागल्या. दिव्याला मात्र अशी दुहेरी सोय नसते.

दिव्याचा तंतू किती हळवा असतो, त्याचे ढोबळ गणित असे. प्रकाश दाबाच्या साधारण ३.४व्या घाताने वाढतो, तर आयुष्य १२व्या घाताने घटते. एका आठवड्यात मी गाळ्यात मल्टीमीटर घेऊन बसलो. कारखाने चालू असताना २१८ व्होल्ट, सुट्टीच्या दिवशी २४३. म्हणजे २३० व्होल्टचा दिवा सुट्टीच्या तालमीला वीस टक्के जास्त प्रकाश देतो, पण त्या दाबावर त्याचे आयुष्य निम्मे होते. कामाच्या दिवशी तोच दिवा सहाव्या हिश्शाने मंद, पण आयुष्य जवळजवळ दुप्पट. आमचे दिवे ‘लवकर जातात’ म्हणून आम्ही वर्षानुवर्षे दुकानदाराला बोल लावत होतो. त्यातला काही दोष सुट्टीच्या तालमींचा होता.

मग मी खरेदीचा नियम केला. आधी व्होल्ट, मग वॉट, मग पिना, शेवटी झोताची रुंदी. पार ६४च्या हजार वॉटच्या दिव्यांत सीपी ६०, ६१, ६२ ही आपल्या दाबाची नावे. झोत अनुक्रमे अरुंद ते रुंद. एफएफएन, एफएफपी, एफएफआर हे त्याच क्रमाचे अमेरिकन भाऊ, पण १२० व्होल्टचे. डिमर अर्ध्यावर ठेवून ते चालवू नयेत. चुकून हात वर गेला की खेळ संपला. सारख्या वॉटचे दोन दिवे एकामागे एक, मालिकेत जोडले तर दाब वाटला जातो. विमानाच्या लँडिंगचे २८ व्होल्टचे दिवे आपल्याकडे असेच आठ-आठ जोडतात. मात्र एक गेला की सगळी माळ विझते, आणि ही जोडणी जाणकारानेच करावी.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ करून मराठी रंगमंचावर खरी वाटणारी खोली आणली. खोली खरी, तर तिच्यातली संध्याकाळही खरी हवी. हॅलोजनचा तंतू मंद करत नेला की तो आपोआप तांबूस होतो. साध्या एलईडीत तो मंद होतो, तांबूस होत नाही. १९५४पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत छोट्या गावांच्या संस्थांनी याच स्वस्त कॅनवर संध्याकाळी उभ्या केल्या. आता हे दिवे बाजारातून जात आहेत. जे उरलेत ते परदेशी साठ्यातून येतात, आणि म्हणून मानेवरचा आकडा वाचता येणे आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

शेवटी २४० व्होल्टचे दोन दिवे त्या मुलानेच उल्हासनगरातून शोधून आणले. प्रयोगाच्या दिवशी कॅनमध्ये घालण्याआधी त्याने ते उजेडात धरले आणि आकडा मोठ्याने वाचला. तिसऱ्या अंकात आईच्या खोलीतली संध्याकाळ हळूहळू तांबूस होत गेली. फुटलेला दिवा आमच्या वायरींच्या पेटीत अजून आहे. नवीन कोणी आले की आधी तो त्याच्या हातात देतो.