बोलत्या रेडिओचा एक दिवस

रेडिओ म्हटला की गाणी, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात बसलेले असते. तेव्हा जिथे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत नुसते बोलणेच चालते, असे केंद्र कोण ऐकणार, असे तुम्ही म्हणाल. पण ब्रिटनमध्ये असे केंद्र आहे आणि लाखो माणसे ते रोज ऐकतात. बी. बी. सी.चे 'रेडिओ फोर' ते हेच. सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, 'होम सर्व्हिस' या नावाने ते निघाले. ३० सप्टेंबर १९६७ पासून त्याला आताचे नाव मिळाले. त्याच्या एका दिवसाबरोबर आज आपण थोडे चालू या.

हा दिवस सुरू होतो तो समुद्रावर. पहाटे गाव झोपेत असताना निवेदक जहाजांसाठी हवामानाचा अंदाज वाचतो. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे ३१ भाग पाडलेले आहेत. एकेका भागाचे नाव घ्यायचे, मग वारा, मग पाऊस, मग किती लांबचे दिसेल ते. सारे मिळून सुमारे साडेतीनशे शब्द. त्यात एक शब्द जास्त नाही. ऐकणारा खलाशी हातात पेन्सिल घेऊन बसलेला असतो ना!

या साडेतीनशे शब्दांमागे मोठा इतिहास आहे. ऑक्टोबर १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतणारे 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ, घर अगदी डोळ्यांपुढे आले असताना, वादळात फुटले. चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्या वेळी हवामान खात्यावर रॉबर्ट फिट्झरॉय नावाचे नौदल अधिकारी होते. डार्विनला घेऊन जगाची फेरी करणाऱ्या 'बीगल' जहाजाचे कप्तान ते हेच. वादळाची बातमी वादळाच्या आधी पोचली पाहिजे, या ध्यासाने त्यांनी तारायंत्राने किनाऱ्यावरची हवा गोळा करायला सुरुवात केली आणि १८६१ पासून बंदरांवर धोक्याच्या खुणा चढू लागल्या. आपल्या कोकणातल्या बंदरात वादळाचा बावटा लागतो, तो याच जातीचा. अंदाज चुकला की लोक फिट्झरॉयना हसत. पण १९२५ पासून तो अंदाज बी. बी. सी.वरून जाऊ लागला, १९७८ मध्ये या केंद्रावर आला, आणि २००२ मध्ये समुद्राच्या एका भागाला फिट्झरॉय यांचे नाव दिले गेले.

मग सकाळ. शेतीच्या वार्ता, त्यामागून 'टुडे' हा १९५७ पासूनचा बातम्यांचा कार्यक्रम. मंत्र्यांना खडसावून प्रश्न विचारण्याबद्दल त्याची ख्याती. पुढे 'वुमन्स अवर', म्हणजे बायकांचा तास. १९४६ मध्ये तो दुसऱ्या केंद्रावर सुरू झाला, तेव्हा त्याचा निवेदक चक्क पुरुष होता! ती चूक लवकरच सुधारली गेली.

आपल्याला खरा जिव्हाळा वाटावा असा कार्यक्रम लागतो तो संध्याकाळी: 'द आर्चर्स'. १९४० पासून ब्रिटनमध्ये अन्नावर रेशन होते. युद्ध संपले तरी ते उठेना. शेवटचे रेशन उठले ते जुलै १९५४ मध्ये. जमिनीतून जास्त धान्य, जास्त दूध काढायचे तर नवी माहिती शेतकऱ्यापर्यंत गेली पाहिजे. सरकारी पत्रके होती, भाषणे होती. पण दिवसभर राबलेला माणूस ती ऐकता ऐकता पेंगणार नाही तर काय करील? १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला बी. बी. सी.चे गॉडफ्री बेझली यांनी शेतकऱ्यांची बैठक घेतली. तिथे एक शेतकरी उठून म्हणाला, आम्हाला शेतीतला डिक बार्टन द्या. डिक बार्टन हा त्या काळच्या रेडिओवरच्या साहसकथेचा नायक. सभेत हशा पिकला. बेझलींच्या मनात मात्र ते बोलणे रुजले.

१ जानेवारी १९५१ पासून अँब्रिज या काल्पनिक गावातल्या आर्चर कुटुंबाची कथा रोज पंधरा मिनिटे देशभर जाऊ लागली. शेतकीखात्याचा सल्ला त्यात मुरवलेला असे, आणि तो १९७२ पर्यंत चालू होता. सल्ला पोटात गेला, कारण गोष्ट चवदार होती. कथेतली ग्रेस आर्चर सप्टेंबर १९५५ मध्ये तबेल्याच्या आगीत दगावली, तेव्हा हजारो घरांत माणसे खरोखर रडली. ही मालिका आजही चालू आहे.

पण मंडळी, एक गोष्ट मला इथे अपुरी वाटते. अँब्रिज बोलायचे आणि शेतकरी ऐकायचा. त्याने उलट काही विचारायची सोय त्या पंधरा मिनिटांत नव्हती. ती सोय झाली आपल्याकडे, १९५६ मध्ये, पुणे केंद्रावरून. कॅनडातल्या शेतकरी श्रोतृमंडळांचा नमुना समोर ठेवून, युनेस्कोच्या साहाय्याने, पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि जमलेल्यांनी त्यावर बोलायचे. अडले ते केंद्राला लिहून कळवायचे. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने याची तपासणी केली. जिथे मंडळ होते त्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढलेली आढळली. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे ती फारच थोडी वाढली होती.