निरोपानंतरची आग



उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीला आग लागली म्हणजे काय होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. हाकाटी होते, सारा गाव हंडे-घागरी घेऊन धावतो, आणि माणसे पोचेपर्यंत वर्षाची वैरण राख झालेली असते. परंतु आग या टोकापासून त्या टोकाला किती वेळात जाते, हे घड्याळ लावून पाहावे म्हणून स्वतःचीच गंजी पेटवून देणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे! माहिती कितीही मोलाची असली, तरी घर जाळून ती कोण मिळवणार?

पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर माणसांचे एक घर फिरत आहे. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक असे त्याचे नाव. नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही माणसांवाचून राहिलेले नाही. या घराला आग लागली तर बाहेर अंगणात पळण्याची सोय नाही, विहीर नाही, शेजारी नाहीत. म्हणून तेथे आग कशी पसरेल, हे कळणे फार निकडीचे. आणि नेमकी तीच गोष्ट तेथे करून पाहता येत नाही. हा पेच कसा सुटला, त्याची हकीगत आज तुम्हांला सांगायची आहे. तो सुटला एका टाकाऊ गाडीमुळे.

गाडीची गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. सोव्हिएत रशियाने २० जानेवारी १९७८ रोजी ‘प्रोग्रेस-१’ नावाचे एक यान सोडले. त्यात माणूस नव्हता. ‘साल्यूत-६’ या स्थानकात त्या वेळी युरी रोमानेंको आणि गिओर्गी ग्रेचको हे दोघे राहत होते. त्यांच्यासाठी इंधन, हवा, अन्न आणि इतर सामान घेऊन हे सात टनांचे यान आपले आपण गेले आणि दोन दिवसांनी स्थानकाला जाऊन जोडले गेले. सामान उतरवून घेतल्यावर त्या रिकाम्या यानात दोघांनी आपला केरकचरा भरला. मग ते सुटे केले, आणि ८ फेब्रुवारीला ते पॅसिफिक महासागरावर वातावरणात शिरून जळून गेले. मालवाहू यानांचा हा शिरस्ता तेव्हापासून पडला. भरून जायचे, कचरा घेऊन निघायचे आणि जळून जायचे. ‘ड्रॅगन’सारखी काही याने पुढे धडपणे परत येऊ लागली ही गोष्ट खरी, पण बाकीच्यांच्या कपाळी हेच लिहिलेले.

आमच्या इतिहासाच्या पुस्तकांची एक खोड आहे. मोहीम निघाली कधी, हे त्यांत ठळक अक्षरांत असते. परतीच्या वाटेवर काय घडले, हे शोधावे लागते. या यानांचेही तसेच झाले. सुटल्याची तारीख सर्वांना ठाऊक. निरोप घेतल्यानंतरचे चार-आठ दिवस कोणाच्या खिजगणतीत नाहीत. आणि पाहा, त्या दिवसांत ही याने काही अगदीच मोडीत निघालेली नसतात. त्यांत वीज असते, इंधन असते, पृथ्वीवरून हुकूम घेणारी यंत्रे चालू असतात. माणूस मात्र नसतो. म्हणजे जी धोक्याची गोष्ट माणसांजवळ करता येत नाही, ती येथे खुशाल करावी. बिघडले तरी जळणारच आहे!

ही संधी प्रथम रशियन लोकांनी मोठ्या धिटाईने साधली. व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह हा त्यांचा नामांकित अभियंता. दोन याने एकमेकांना जोडण्याची यंत्रे करण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्या मनात आले की, उत्तरेकडच्या ज्या गावांत हिवाळ्यात दिवसच उगवत नाही, त्यांना आकाशातून आरशाने ऊन का दाखवू नये? ४ फेब्रुवारी १९९३ रोजी ‘प्रोग्रेस एम-१५’ हे यान ‘मीर’ स्थानकापासून सुटे झाले आणि काही अंतरावर जाऊन त्याने आपल्या तोंडाशी बसवलेला एक आरसा उलगडला. आरसा कसला, चकचकीत पातळ पापुद्राच तो. २० मीटर व्यासाचा. गोल फिरवून छत्रीसारखा उघडला. त्याच्या उजेडाचा सुमारे पाच किलोमीटर रुंदीचा कवडसा दक्षिण फ्रान्सपासून पूर्वेकडे युरोपवरून धावत गेला, तोही सेकंदाला आठ किलोमीटर या वेगाने. पौर्णिमेच्या चंद्राएवढा तो उजेड होता असे सांगतात. पण त्या पहाटे युरोपवर ढग दाटले होते! कोणाकोणाला क्षणभर लखलखाट तेवढा दिसला. सहा वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९९९ रोजी, ‘प्रोग्रेस एम-४०’ वर २५ मीटरचा आरसा उघडण्याचा प्रयत्न झाला. ऐन वेळी चुकीचा हुकूम गेला, यानाची एक अँटेना बाहेर आली आणि तिच्यात तो पापुद्रा अडकून फाटला. आकाशातला कंदील विझला तो कायमचा. उत्तरेकडच्या गावांचे ते सुदैव की दुर्दैव, हे मला ठरवता येत नाही. रात्र ही झोपण्यासाठी असते असे मानणारा मी माणूस आहे.

पुढे इतरांनीही ही वाट चोखाळली. सायबेरियातील इर्कुट्स्कजवळच्या रडारने, निघून जाणाऱ्या प्रोग्रेस यानांच्या इंजिनाचा धूर वरच्या विद्युद्भारित हवेत काय खळबळ करतो, हे पाहिले. युरोपचे ‘ज्यूल व्हर्न’ हे यान २९ सप्टेंबर २००८ रोजी जळत असताना शास्त्रज्ञ दोन विमानांत बसून त्याचे तुकडे होताना टिपत होते. जपानच्या ‘कोऊनोतोरी-६’ या यानाने २०१७ साली ७०० मीटर लांबीची धातूची दोरी सोडून पाहण्याचे ठरवले होते. दोरी सुटलीच नाही. पण पुढच्याच ‘कोऊनोतोरी-७’ ने नोव्हेंबर २०१८ मध्ये, स्वतः जळण्यापूर्वी, एक लहानशी कुपी अलगद समुद्रात उतरवली. थर्मासच्या धर्तीवर केलेल्या भांड्यात, थंड राखलेले प्रथिनांचे स्फटिक तीत होते.

हे सारे नवलाचे खरे. तरी ज्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे तो प्रयोग आगीचाच, आणि त्याचे कारण त्याच ‘मीर’ स्थानकावर घडले.

२३ फेब्रुवारी १९९७ चा दिवस. मीरवर सहा माणसे होती. चार रशियन, एक जर्मन, एक अमेरिकन. श्वासासाठी प्राणवायू पुरवणारी रसायनाची एक नळकांडी तेथे पेटवत असत, ती भडकली. तिच्यातूनच प्राणवायू बाहेर पडत असल्यामुळे आग विझेना. सगळीकडे काळा धूर झाला, माणसांनी मुखवटे चढवले. पळून जाण्यासाठी दोन सोयुझ याने होती, प्रत्येकात तीन जागा. पण त्यांतल्या एकाकडे जाण्याची वाट आगीने अडवली होती. म्हणजे आग आटोक्यात आली नसती, तर तिघांची सोय होती आणि तिघांची नव्हती. सुदैवाने सर्व वाचले. ही आग किती वेळ जळली? पहिल्या वृत्तात दीड मिनिट म्हटले होते. पुढे आत असलेल्यांच्या सांगण्यावरून चौदा मिनिटांपर्यंतचा आकडा आला. एकाच प्रसंगाच्या दोन साक्षी! इतिहासाच्या अभ्यासकाला याचे नवल वाटायचे नाही. परंतु आगीविषयी आपल्याला किती थोडे कळते, हे यावरून दिसून आले.

आता तुम्ही म्हणाल, आग ती आग. तिच्यात कळायचे काय? आपली चूल आठवा. गरम झालेली हवा हलकी होऊन वर जाते, खालून ताजी हवा आत येते, म्हणून जाळ उभा राहतो. कंदिलाची काच हेच काम करते. अवकाशस्थानकात मात्र स्थानक आणि त्यातील सर्व वस्तू पृथ्वीभोवती एकत्रच पडत असल्यामुळे वजन जाणवत नाही. तेव्हा हलके काय आणि जड काय, वर कोणते आणि खाली कोणते! तेथे मेणबत्तीची ज्योत गोल, निळसर, मंद अशी होते. तिला हवा मिळते ती पंख्याच्या झुळुकीने. चुलीला फुंकणी, तसा तेथील आगीला पंखा. म्हणून तेथे आगीची सूचना झाली की प्रथम पंखे बंद करतात. जमिनीवर जी वस्तू विझून जाते, ती तेथे मंद झुळुकीत जळत राहू शकते, हेही लहान प्रयोगांतून दिसले होते. पण ते सारे वीतभर तुकड्यांवरचे. वीतभर चिंधीवरून घराच्या आगीचा अंदाज कसा बांधावा?

अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या क्लीव्हलंड येथील ग्लेन केंद्रात गॅरी रफ आणि डेव्हिड अर्बन हे दोघे या प्रश्नामागे लागले होते. त्यांनी हेरले ‘सिग्नस’ यान. सिग्नस म्हणजे लॅटिनमध्ये हंस. हाही हंस माल घेऊन जातो आणि कचरा घेऊन जळतो. त्यात त्यांनी कपाटाएवढी एक पेटी ठेवली. पेटीत पंखे, कॅमेरे, तापणारी तार आणि सुती व काचेच्या धाग्यांचे मिळून विणलेले एक कापड. रुंदी ४० सेंटिमीटर, लांबी ९४. म्हणजे घरातल्या पंचाएवढे म्हणा ना. या प्रयोगमालेला नाव दिले ‘सफायर’.

१४ जून २०१६ रोजी ते सिग्नस यान स्थानकापासून सुटले. ते पुरेसे दूर गेल्यावर, त्याच दिवशी, पृथ्वीवरून हुकूम गेला आणि तार तापली. माणसाने अवकाशात एवढी मोठी आग आपण होऊन लावल्याचा हा पहिला प्रसंग. वाऱ्याच्या दिशेने आग कशी जाते आणि वाऱ्याविरुद्ध कशी, दोन्ही पाहिले. जमिनीवर असे उभे कापड खालून पेटवले तर ज्वाळा वाढतच जाते आणि धाव घेते. तेथे तसे झाले नाही. ज्वाळेने एक लांबी धरली आणि ती सावकाश, एकाच चालीने पुढे सरकली. शिवाय पेटीची पोकळी जितकी मोठी तितकी आगीची चाल मंद, असेही लहान प्रयोगांशी ताडून पाहता निघाले. ही बातमी दिलाशाची आहे, पण अर्धवट दिलाशाची. सावकाश चालणारी आग लवकर लक्षात येत नाही, हे ज्याच्या घरात कापसाचे बोंद्रे धुमसले आहे त्याला सांगायला नको. आठवड्याने यान जळून गेले. चित्रे आणि आकडे तेवढे मागे राहिले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुसऱ्या यानात नऊ निरनिराळे तुकडे जाळले. त्यांत आगीला दाद न देणारे कापड होते, सिलिकॉन होते, खिडक्यांना लावतात तसले प्लास्टिक होते. २०१७ साली पुन्हा मोठे कापड. मग प्रश्न पुढे गेला. चंद्राकडे जाणाऱ्या यानांत हवेचा दाब कमी आणि प्राणवायूचे प्रमाण जास्त ठेवण्याचा विचार आहे. तसल्या हवेत काय होईल? शुद्ध प्राणवायूने काय होते, हे अमेरिकेने २७ जानेवारी १९६७ रोजी भोगले होते. अपोलो यानाची जमिनीवरच चाचणी चालली असता आत आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे गेले. म्हणून पुढच्या तीन पेट्यांत हवा तशी करून आग लावली, आणि धूर कोठे जातो, विषारी वायू कसा गाळून काढता येतो, हेही मोजले.

या प्रयोगांतील पाचवी आग ज्या यानात पेटली, त्याचे नाव आपल्या ओळखीचे आहे. सिग्नस यानांना दिवंगत व्यक्तींची नावे देण्याचा प्रघात आहे, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निघालेल्या यानाचे नाव होते ‘कल्पना चावला’. कर्नालची ही मुलगी १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान परतताना वातावरणात मोडून पडले, त्यात सहा सोबत्यांसह गेली. त्या सोळा दिवसांच्या सफरीतही ज्वलनाचे प्रयोग झाले होते. पहिली आग ज्यात लावली त्या यानाला रिक हसबंड यांचे नाव होते. ते कोलंबियाचे प्रमुख. आणि सहावी पेटी गेली ती त्यांच्याच सोबतीण लॉरेल क्लार्क यांच्या नावाच्या यानातून. नावे ठरवताना कोणी हा मेळ घातला होता असे मी म्हणत नाही. पण वातावरणात जळून गेलेल्या तिघांच्या नावांची याने, मागे राहिलेल्यांना आगीची माहिती कळवून, त्याच वातावरणात जळली.

‘कल्पना चावला’ ६ जानेवारी २०२१ रोजी स्थानकाचा निरोप घेऊन निघाले, आपले काम आटोपले आणि २६ जानेवारीला संपले. ‘लॉरेल क्लार्क’ डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. त्याच्यात शेवटची आग लावण्यात आली, ती विझली, आणि ९ जानेवारी २०२४ रोजी कचऱ्यासकट, पेटीसकट ते वातावरणात शिरले.