करडे येथील १८७४ चा बहिष्कार : वाणिज्य अध्यापनासाठी एक स्थानिक व्यष्टी अध्ययन

प्रास्ताविक :
वाणिज्य व व्यवस्थापन शिक्षणात व्यष्टी अध्ययन पद्धतीला विशेष महत्त्व आहे. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये १९१९ साली अधिष्ठाता झालेल्या वॉलेस डॉनहॅम यांनी ही पद्धती रुजविली. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये हार्वर्डच्याच सहकार्याने उभी राहिली. मात्र केंदूरसारख्या अवर्षणप्रवण गावातून आलेल्या विद्यार्थ्यास परदेशी कंपन्यांच्या उदाहरणांइतकेच बोधप्रद प्रकरण त्याच्या स्वतःच्या शिरूर तालुक्यात उपलब्ध आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी :
अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले व शेतकऱ्यांना कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव उतरले. १८६७ पासून पुणे जिल्ह्यात सुरू झालेल्या फेरआकारणीने शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे सावकार ठरावीक काळाने कर्जरोखे नव्याने लिहून घेत. थकलेले व्याज मुद्दलात मिळविले जाई.

डिसेंबर १८७४ मध्ये करडे येथील काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडले. गावाने सावकारांशी सर्व व्यवहार व सेवा-चाकरी बंद केली. माल तालुक्याच्या ठिकाणी हलविण्यासाठी त्यांना गाड्याही मिळेनात. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव होऊन वह्या व रोखे जाळण्यात आले. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यानुसार रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला.

अध्यापनातील उपयोजन :
हे प्रकरण वर्गात मांडताना शेवट प्रारंभी सांगू नये. डिसेंबर १८७४ पर्यंतची माहिती देऊन विद्यार्थ्यांचे सावकार, कुणबी, मामलेदार व न्यायाधीश असे गट करावेत. वसुली करावी, मुदत वाढवावी की व्याज सोडावे, याचा निर्णय प्रत्येक गटाने सकारण द्यावा. दुष्ट सावकार व गरीब शेतकरी एवढ्यावरच चर्चा संपू नये, यासाठी सावकाराची गुंतलेली रक्कम, पावसाची अनिश्चितता व सरकारी साऱ्याची तारीख हे घटकही विचारात घ्यावयास लावावेत. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या उठावाच्या व्याप्तीबद्दल शंका उपस्थित केली आहे. ते मत पुढे ठेवल्यास पुरावा व निष्कर्ष यांतील अंतर विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते.

समारोप :
काळूरामाची वसुली कायद्याच्या चौकटीत होती. तरीही ज्या विश्वासावर गावातील पतव्यवहार चालत होता, तो तिने मोडला. उद्या बँकेत किंवा पतसंस्थेत बसून थकबाकीदाराच्या अर्जावर निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद वर्गातच उमगणे आवश्यक आहे.