जिप्सी पतंग

लेपिडोप्टेरा गणातील या कीटकाचे शास्त्रीय नाव लायमँट्रिया डिस्पार असे आहे. हा मूळचा यूरोप व आशिया खंडांतील असून उत्तर अमेरिकेतील ओक व इतर रुंदपर्णी वृक्षांचा तो मोठा शत्रू ठरला आहे. अमेरिकन कीटकशास्त्र संस्थेने २०२२ मध्ये त्यास ‘स्पंजी मॉथ’ हे इंग्रजी नाव दिले. नर तपकिरी, तर मादी पांढरट व आकाराने मोठी असते. मादी खोडावर किंवा दगडावर शेकडो अंड्यांचा पुंजका घालते व तो पिवळसर केसांनी झाकते. हिवाळा अंड्यांच्या अवस्थेत जातो. वसंतात बाहेर पडणारे सुरवंट पाने खातात. लागोपाठ काही वर्षे पाने गेल्यास वृक्ष दुर्बल होतो व पुष्कळदा मरतो.

एत्येन लेओपोल्ड त्रूव्हलो या फ्रेंच चित्रकाराने रेशीम-उत्पादनाच्या प्रयोगांसाठी हा कीटक १८६८-६९ च्या सुमारास मॅसॅचूसेट्स राज्यातील मेडफर्ड येथे आणला. त्यातील काही सुरवंट निसटले. सुमारे वीस वर्षे त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १८८९ मध्ये मात्र मेडफर्डमधील झाडे निष्पर्ण झाली आणि घरांच्या भिंती सुरवंटांनी भरून गेल्या. मारिया फर्नाल्ड यांनी हा यूरोपीय कीटक असल्याचे ओळखले.

राज्य विधिमंडळाने १८९० मध्ये निर्मूलनासाठी निधी मंजूर केला. कामगार एकेक झाड तपासून अंड्यांच्या पुंजक्यांवर क्रिओसोट लावीत आणि खोडांभोवती गोणपाटाचे पट्टे बांधून त्यांखाली लपणारे सुरवंट नष्ट करीत. शिसे आर्सेनेट हे कीटकनाशकही याच मोहिमेत पुढे आले. कीटक विरळ झाल्याने खर्च अनावश्यक वाटू लागला व १९०० मध्ये निधी बंद झाला. पाहणी थांबताच उरलेल्या कीटकांची वाढ झाली. १९०५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा बाधित क्षेत्र कित्येक पटींनी वाढले होते व समूळ निर्मूलनाची संधी हातची गेली होती.

यूरोपीय वाणाच्या मादीला पंख असूनही उडता येत नाही. लहान सुरवंट रेशमी धाग्याच्या आधारे वाऱ्याबरोबर जातात. परंतु दूरवरचा प्रसार मुख्यतः वाहने, लाकूड व घरसामानाला चिकटलेल्या अंड्यांमुळे होतो. म्हणून १९२३ मध्ये हडसन नदीच्या खोऱ्यालगत प्रतिबंधक पट्टा आखण्यात आला. तरी प्रसार थांबला नाही.

मादीच्या कामगंधाची रासायनिक संरचना १९७० मध्ये निश्चित झाली. डिस्पार्ल्यूर या नावाचा हा पदार्थ कृत्रिम रीत्या तयार करून सापळ्यांत ठेवतात व सापडलेले नर मोजतात. त्यामुळे अंडी वा सुरवंट सहज दिसत नाहीत इतकी अल्प संख्याही कळते. प्रसाराच्या सीमेवर अशा सापळ्यांचे जाळे असते. जेथे नर अधिक सापडतात तेथेच जिवाणुजन्य कीटकनाशक फवारतात किंवा कामगंध पसरवून नरांची दिशाभूल करतात. या धोरणामुळे प्रसाराचा वेग निम्म्याहून कमी झाला आहे. आशियाई वाणाची मादी उडू शकत असल्याने बंदरांतील जहाजांची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.

या इतिहासावरून असे दिसते की, परकीय कीटकाचा उपद्रव दिसेनासा झाला म्हणजे तो संपला असे नव्हे. पाहणीची खरी गरज त्याच काळात असते.