खाडीकाठी पडून असलेल्या लाकडी होड्यांची नोंद का आणि कशी करतात?

रायगडाच्या पायथ्याचं पाचाड समुद्रापासून बरंच आत आहे. तरी या भागाचं समुद्राशी नातं जुनं आहे. गडाभोवतीच्या काळ आणि गांधारी या नद्या महाड परिसरात सावित्रीला मिळतात, आणि सावित्री बाणकोटजवळ अरबी समुद्राला. भरतीचं पाणी खाडीतून महाडपर्यंत चढतं. त्यामुळेच महाड एकेकाळी बंदर होतं. मचवे आणि पडाव याच वाटेने माल आणत.

आता माल रस्त्याने जातो आणि मासेमारीत फायबरच्या बोटी आल्या आहेत. कोकणातल्या खाड्यांच्या काठी जुन्या लाकडी होड्या चिखलात कुजत पडलेल्या दिसतात.

नोंद कशासाठी?

कोकणातले कारागीर परंपरेने कागदी आराखड्याशिवाय होडी बांधत आले. लाकडाचा बाक, फळीची जाडी, सांधा कुठे घ्यायचा, हे सगळं ते बघून आणि करून शिकत. म्हणजे होडी हाच तिचा आराखडा. ती कुजली की तो गेला.

मग काय होतं? भारतीय नौदलाचं 'कौंडिण्य' हे फळ्या शिवून बांधलेलं शिडाचं जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. अशा जहाजाचा जुना आराखडा उपलब्ध नव्हता. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून त्याचा आकार ठरवावा लागला.

इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीकाठी पर्टन इथे काठ खचू नये म्हणून १९०९ पासून जुनी जहाजं मुद्दाम किनाऱ्यावर चढवली गेली. पुढे अभ्यासकांनी त्यांतल्या एकेका सांगाड्याची ओळख शोधून नोंद केली.

नोंदीत काय असतं?

१. जागा, तारीख, आणि होडीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते.
२. लांबी, सर्वांत जास्त रुंदी आणि खोली. सरळ दोरी ताणून ठरावीक अंतरावर तिच्यापासून कडेपर्यंतचं माप घेतलं की आकार कागदावर उतरतो.
३. फळ्यांची जाडी, सांध्यांची पद्धत, खिळे, फटींत भरलेला कापूस, इंजिन बसवल्याच्या खुणा.
४. शेजारी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी फोटो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग आला, तर संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करता येते.
५. गावातल्या जाणत्यांकडून होडीचा प्रकार, लाकूड, बांधणारा आणि भागांची स्थानिक नावं. ही नावं कुठल्याच फोटोत येत नाहीत.

काय पाळायचं?

पडून असलेली होडी बेवारस असेलच असं नाही. आधी मालकाची परवानगी घ्या. खिळा किंवा फळी काढू नका. ओहोटीच्या वेळा पाहूनच जा, एकट्याने चिखलात उतरू नका.

नोंदीची एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात द्या. फक्त मोबाइलमध्ये ठेवलेली नोंद मोबाइलबरोबरच हरवते.