नाताळच्या झाडांचं जहाज

दिवाळीच्या आधी रस्त्याच्या कडेला आकाशकंदील टांगून बसलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला असा नाहीतर बडोद्याला. भाऊबीज झाली की ती जागा रिकामी. कमाई काय ती त्या पंधरा दिवसांत. उरलेला माल कवडीमोल. आज अशाच एका हंगामी धंद्याची गोष्ट सांगतो. गोष्ट अमेरिकेतली आहे.

तिथे नाताळला घरात सूचिपर्णी झाड आणून सजवतात. पूर्वी लोक ते स्वतःच रानातून तोडून आणत. पण शहरातल्या माणसाने रान कुठून आणायचं? 1851 मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या मार्क कार नावाच्या माणसाने दोन बैलगाड्या भरून झाडं न्यूयॉर्कच्या बाजारात आणली. त्या गाड्यांना चाकं नव्हती, त्या बर्फावरून घसरत चालणाऱ्या होत्या. एक डॉलर भाड्याने त्याने जागा घेतली आणि सगळा माल विकला. धंदा सुरू झाला तो असा.

आता शिकागोला जाऊ. हे शहर मिशिगन सरोवराच्या काठावर आहे. सरोवर म्हणतात खरं, पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि वादळं समुद्रासारखी. झाडं होती उत्तरेच्या जंगलात, गिऱ्हाईक दक्षिणेच्या शहरात. म्हणून झाडं शिडाच्या जहाजातून यायची. हरमन शूनेमन हा कप्तान क्लार्क स्ट्रीटच्या पुलाजवळ जहाज लावायचा आणि थेट तिथूनच झाडं विकायचा. मधला दलाल नाही, त्यामुळे भाव परवडणारा. गरिबांना आणि चर्चना तो काही झाडं फुकटही द्यायचा. लोक त्याला ‘कॅप्टन सांता’ म्हणत.

या धंद्यात एक मोठी अडचण होती. झाड फार आधी तोडलं तर सुकतं, आणि 25 डिसेंबरनंतर त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे निघायचं नोव्हेंबरच्या शेवटी, नेमकं सरोवर सगळ्यात खवळलेलं असताना. हरमनचा थोरला भाऊ ऑगस्ट हाच धंदा करायचा. 1898 मध्ये तो जहाजासकट बुडाला. तरीही हरमनने धंदा सोडला नाही.

नोव्हेंबर 1912. ‘राउझ सिमन्स’ हे त्याचं तीन डोलकाठ्यांचं जहाज 1868 साली बांधलेलं, म्हणजे 44 वर्षांचं जुनं. त्यात हजारो झाडं भरली. तळघर भरलं, मग डेकवरही रचली. 23 नोव्हेंबरला किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला ते संकटाचा झेंडा लावून जाताना दिसलं. बचाव नौका निघाली, पण जहाज काही सापडलं नाही. त्यावरचा एकही माणूस परतला नाही.

घरी बायको बार्बरा आणि तीन मुली. एखादीने तो धंदा आणि ते सरोवर दोन्हीकडे पाठ फिरवली असती. पण बार्बराने मुलींना घेऊन तोच धंदा पुढे अनेक वर्षं चालवला. ज्या झाडांपायी नवरा गेला, त्याच झाडांवर तिने घर चालवलं. यात धाडस होतंच, पण दुसरं हातात काही नव्हतं, हेही खरं असावं.

1924 मध्ये कोळ्यांच्या जाळ्यात हरमनचं पाकीट आलं, मेणकापडात गुंडाळलेलं. 1971 मध्ये एका पाणबुड्याला ते जहाज सापडलं. तळघरात झाडं अजून तशीच रचलेली होती.

1933 मध्ये बार्बरा गेली. तिच्या थडग्याच्या दगडावर नवऱ्याचंही नाव कोरलं आहे, आणि दोन नावांच्या मध्ये एक छोटं झाड.

पुढच्या दिवाळीत कंदीलवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी मला तरी ते झाड आठवेल. भेटू पुढच्या भागात.